धारण तलावांकडे आधी बघा

नवी मुंबईचे बरेच नोड (म्हणजे वाशीसारखे विभाग) मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत. म्हणून शहर वसवणाऱ्या सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीला तलावाच्या खाडीकडच्या तोंडावरच्या झडपा मिटतात, पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटी लागली की खाडीत जाते. पण झडपेत थर्माकोलचा एक तुकडा अडकला तरी ती नीट मिटत नाही; मग खाडीच उलटी गटारातून वर येते. तलावांत गाळ साचून खारफुटी माजली आहे, त्यामुळे पाणी कमी मावते; ती खारफुटी काढायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. (खाडीकाठची खारफुटी मात्र राखायलाच हवी, भरतीचा जोर तीच मोडते.) परवानगीचा पाठपुरावा पावसाळा तोंडावर आल्यावर कशाला, दिवाळीनंतर लगेच सुरू करा. तुंबलेले पाणी उपसायला नवे पंप घेण्याआधी प्रत्येक तलावाची सध्याची खोली पालिकेने जाहीर करावी.

– एक रहिवासी, वाशी