दोन गाठी, एक नाव

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडायला लागलीस आणि मला धड काही सांगता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसलो. माझ्या छातीतल्या गाठीला आधीच्या डॉक्टरांनी कागदावर 'बिनाइन मेसोथेलिओमा' लिहिलं होतं. बिनाइन म्हणजे साधी, कॅन्सर नसलेली. त्यातला दुसराच शब्द तू मोबाइलवर शोधलास.

फुप्फुस, आतडी, हृदय यांच्यावर पातळ अस्तर असतं. त्या अस्तराचा कॅन्सर म्हणजे मेसोथेलिओमा. तो बहुतेक वेळा एका जागी न थांबता अस्तरावरून पसरतो, जाड सालीसारखा फुप्फुसाला आवळतो. छातीत पाणी होतं, धाप लागते. हा रोग मुख्यतः ॲसबेस्टॉस या तंतुमय खनिजाच्या धुळीमुळे होतो.

माझं तसं नाही. नव्या डॉक्टरांनी रिपोर्टच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढून दाखवलं. फुप्फुस, त्यावर अस्तर, आणि देठाला बोर लटकावं तशी माझी गाठ. हिचं आजचं नाव सॉलिटरी फायब्रस ट्यूमर. पूर्वी हिलाच साधा मेसोथेलिओमा म्हणायचे. पुढे कळलं, की ही अस्तराच्या पेशींची नव्हेच, त्याखालच्या थरातून येते. तुकडा तपासला तेव्हा स्टॅट-६ नावाचं प्रथिन पॉझिटिव्ह आलं, ती हिची खूण. ॲसबेस्टॉसशी हिचा संबंध सापडलेला नाही. देठासकट काढली की बहुतेकांचं भागतं. काहींना वर्षांनी परत येते, म्हणून स्कॅन करत राहावं लागेल. तो मी चुकवणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात तर मेसोथेलिओमाच्या आधी लागणारा 'मॅलिग्नंट', म्हणजे कॅन्सरचा, हा शब्दच काढला, कारण तो रोग कॅन्सरच असतो. म्हणजे माझ्या कागदावरचं ते जुनं नाव आता वापरायलाच नको.

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टरांनी विचारलं, "नोकरी कुठे केलीत?" मी म्हटलं, सतरा वर्षं ॲसबेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कामाचे कपडे कोण धुवायचं?"

सायली, पहिली पाळी सुटून मी घरी आलो, की आई माझा शर्ट दारातच झटकायची. तिरप्या उन्हात ती पांढरी धूळ तरंगताना मला अजून दिसते. आम्हाला वाटायचं, सिमेंटच आहे, धुतलं की गेलं. मेसोथेलिओमाच्या लंडनमधल्या रुग्णांचा अभ्यास १९६५ सालीच छापून आला होता. त्यात कारखान्यात कधीच पाऊल न टाकलेल्या, फक्त नवऱ्याचे कपडे धुणाऱ्या बायका होत्या. आम्हाला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही, याचा राग मला आज येतो. धूळ आत गेल्यावर रोग दिसायला २० ते ५० वर्षं लागतात. फार थोड्यांना होतो, हेही खरं. पण आईला हल्ली जिना चढताना दम लागतो आणि ती वयाचं नाव पुढे करते.

तुझा काका गावच्या पडवीचे पत्रे बदलतोय. हातोड्याने फोडू देऊ नकोस. पाणी मारून, अख्खेच उतरवायला सांग. कोरडे फोडले की तीच धूळ.

दिवाळीला येशील तेव्हा आईला छातीच्या डॉक्टरांकडे तूच घेऊन जा. माझं ती ऐकत नाही. "मी कुठे कारखान्यात होते?" म्हणेल. तू आधी कपड्यांचं सांग. माझ्या नोकरीचे कागद, कामगार विम्याचं जुनं ईएसआय कार्ड पत्र्याच्या पेटीत खालच्या बाजूला आहेत, तेही ने. आणि डॉक्टरांना स्वतःचंही सांग. आई शर्ट झटकायची, तेव्हा तू तिचा पदर धरून उभी असायचीस.

तुझे,
बाबा