लाइपझिगहून आई-बाबांना

लाइपझिग, १२ ऑक्टोबर

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न.

फोनवर विषय काढला की आई "बरं बाई" म्हणून मोकळी होते आणि बाबा पावसावर घसरतात, म्हणून लिहितेय. नको असलेलं आधी सांगून टाकते. विजेच्या सौद्यांवर नजर ठेवायच्या इथल्या नोकरीच्या दोन वर्षांच्या करारावर सही झाली. दिवाळीला येत नाही, म्हणजे आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नसेन. विचारलं असतं तर तुम्ही "कर" असंच म्हणाला असतात, आणि म्हणूनच विचारलं नाही. दादाची रजा मंजूर झाली आहे, वहिनी आठ दिवस राहणार आहे. माझ्यापेक्षा ती जास्त उपयोगाची, हे आईने तोंडावर म्हटलं नाही तरी मला माहीत आहे.

बाबा, वीज कंपन्यांना होणाऱ्या दंडाची बातमी वाचून तुम्ही विचारलंत, "न बनवलेली वीज विकायची, हा सट्टा नाही तर काय? आणि उद्या तुलाच आत टाकलं तर?" तेव्हा नीट उत्तर दिलं नाही. आता देते.

समजा, एका कंपनीने पुढच्या वर्षीची १ लाख मेगावॉट-तास वीज, म्हणजे तुमच्या हिशेबात १० कोटी युनिट, मेगावॉट-तासाला ८० यूरो भावाने आजच विकून ठेवली. त्या भावात कोळसा, कार्बनचे परवाने, पगार सगळं बसतं. उद्या भाव पडला तरी कंपनीची झोप उडत नाही. म्हणजे सट्टा उलट इथे टळतो. सौदा एक्स्चेंजवर झाला की मध्ये क्लिअरिंग हाऊस उभं राहतं, त्यातलं एक इथे लाइपझिगमध्येच आहे. विकणाऱ्याचं गिऱ्हाईक तेच आणि घेणाऱ्याचा विक्रेताही तेच. कोल्हापूरच्या गुळाच्या अडत्यासारखं म्हणा, फक्त हा अडत्या रोज हिशेब लावतो आणि रोज पैसे मागतो. भाव ८० चा २८० झाला, तर कागदावर मेगावॉट-तासामागे २०० यूरोंचा तोटा दिसतो, आणि २ कोटी यूरो रोख भरावे लागतात, यालाच मार्जिन म्हणतात. वीज पुढच्या वर्षी बनणार, तिचे पैसेही पुढच्याच वर्षी येणार. मार्जिन मात्र आत्ता.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये हेच झालं. टीटीएफचा, म्हणजे नेदरलँड्सच्या गॅस बाजाराचा भाव ३०० यूरोंवर गेला आणि जर्मनीची पुढच्या वर्षीची वीज काही वेळ १,००० च्या आसपास होती. ज्यांनी शहाणपणाने आधीच वीज विकून ठेवली होती, तेच रोख पैशासाठी धावत सुटले. सप्टेंबरमध्ये स्वित्झर्लंडच्या सरकारला अ‍ॅक्सपो या वीज कंपनीसाठी ४ अब्ज फ्रँकची उचल तयार ठेवावी लागली. स्वीडन आणि फिनलंडनेही आपापल्या कंपन्यांसाठी हमी जाहीर केली. घरात धान्य भरलेलं आणि वाण्याला द्यायला सुटे नाहीत, तसली गत.

मग रोखीचा एवढा आग्रह का? त्यालाही कारण आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये आइनार ओस नावाच्या नॉर्वेच्या एकट्या माणसाने नॉर्डिक आणि जर्मन विजेच्या भावांतल्या फरकावर प्रचंड मोठे सौदे लावून ठेवले होते. तो फरक एका दिवसात नेहमीच्या कितीतरी पट हलला, त्याचं मार्जिन अपुरं पडलं, आणि नॅसडॅकच्या क्लिअरिंग हाऊसमध्ये सगळ्या सभासदांनी मिळून ठेवलेल्या निधीतले १०.७ कोटी यूरो गेले. बुडाला एक, भरले शेजाऱ्यांनी. आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या वर्गणीचं आठवतंय ना?

यातला सगळ्यात वादाचा मुद्दा बँक गॅरंटीचा. पूर्वी ऊर्जा कंपन्या रोख रकमेऐवजी बँकेची साधी हमी देत असत. एमिर नावाच्या युरोपीय कायद्याने दिलेली ती सवलत मार्च २०१६ ला संपली. मग हमीच्या मागेही तेवढंच तारण हवं झालं, म्हणजे हमीचा फायदाच उरला नाही. नोव्हेंबर २०२२ ला संकटात ती दारं पुन्हा उघडली, आधी तात्पुरती, आणि डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत कायमची. माझं मत विचाराल तर २०१६ चा निर्णय चुकला होता. बँकांसाठी शिवलेला सदरा धरण आणि बॉयलर चालवणाऱ्यांना घातला. पण हमी म्हणजे फुकट नाही हेही खरं. बँकेला हमीची मर्यादा दर वर्षी नव्याने ठरवावी लागते, आणि भाव चढला की नेमकी बँकच हात आखडते.

माझं आणखी एक काम मोजणीचं. एक्स्चेंजबाहेरचे खासगी सौदे एका मर्यादेपलीकडे गेले की वीज कंपनीलाही बँकेसारखी वागणूक मिळते. त्या खासगी सौद्यांवरही मार्जिन, आणि काही ठरावीक प्रकारांना सक्तीचं क्लिअरिंग. कमोडिटीसाठी ही मर्यादा नोव्हेंबर २०२२ मध्ये ३ अब्ज यूरोंवरून ४ अब्ज केली. स्वतःच्या विजेचा किंवा इंधनाचा धोका झाकायला केलेला सौदा त्यात धरत नाहीत, पण तो खरोखर त्याचसाठी होता हे कागदावर दाखवता आलं पाहिजे, तेही सौदा करताना. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेलं कारण कुणी मानत नाही.

आणखी एक गंमत. तीच वीज, तोच महिना, तोच भाव. एक्स्चेंजवर घेतली तर ती वित्तीय साधन, मिफिड या वित्तीय बाजाराच्या युरोपीय कायद्याखाली. ब्रोकरच्या ठरावीक प्रकारच्या मंचावर घेतली आणि ती प्रत्यक्ष पोचवायचीच असं करारात असेल, तर मिफिडमधून बाहेर, फक्त रेमिट या वीज-गॅसच्या घाऊक बाजाराच्या कायद्याखाली. "प्रत्यक्ष पोचवायचीच" या शब्दांवर सगळा डोलारा. करारात कुणीतरी सवयीने "किंवा रोखीने फरक भरून" असं कलम ठेवलं की सूट गेली. म्हणून करार ओळीओळीने वाचावे लागतात, आणि ते काम माझं.

रेमिट तुम्हाला लगेच कळेल, बाबा, कारण ते तुमच्या पोफळीच्या वीज केंद्रातल्या कंट्रोल रूमसारखं आहे. मशीन ट्रिप झालं की तुम्ही आधी लॉगबुकात वेळ लिहायचात आणि कळव्याच्या लोड डिस्पॅच सेंटरला फोन करायचात. इथे १०० मेगावॉट किंवा त्याहून जास्त क्षमता बंद पडली की लवकरात लवकर, फार तर तासाभरात, सगळ्या बाजाराला दिसेल अशी सूचना टाकायची. कोणतं युनिट, किती मेगावॉट, कधीपासून, कधीपर्यंत, का. आधी सूचना, मग सौदा. घोळ बहुतेक वेळा "कधीपर्यंत"मध्ये होतो. दुरुस्तीवाल्यांना दुपारीच कळलेलं असतं की बेअरिंग गेलंय, चार दिवस लागणार, आणि सूचनेत मात्र "उद्या सकाळी ६" तसंच राहिलेलं असतं. स्वतःची पडलेली तूट भरून काढण्यापुरती वीज घ्यायला सवलत आहे, तीही नियामकांना कळवून. त्यापलीकडे एक मेगावॉट जास्त घेतला, की पहिली सूचना वेळेत गेलेली असूनही तो आतल्या माहितीवरचा व्यापार, कारण ते "चार दिवस" अजून बाजाराला सांगितलेले नसतात.

धरणाचंही तसंच. तुम्ही कोयनेच्या पाण्याचा १ जून ते ३१ मे असा ६७.५ टीएमसीचा हिशेब ठेवायचात. स्पेनमध्ये २०१३ च्या डिसेंबरमध्ये एका मोठ्या कंपनीने नद्यांवरच्या जलविद्युत केंद्रांचे भाव कारण नसताना चढवून वीज बाजाराबाहेर ठेवली, असं तिथल्या नियामकाने ठरवलं आणि २०१५ मध्ये २.५ कोटी यूरो दंड ठोकला. पाणी राखणं गुन्हा नाही. का राखलं, याचं उत्तर पाण्याच्या पातळीत सापडावं लागतं.

तर दंड कुणाला? मुख्यतः कंपनीला. रेमिटच्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर मोठ्या गैरप्रकाराला उलाढालीच्या १५ टक्क्यांपर्यंत तो जाऊ शकतो, म्हणून तर माझ्यासारख्यांना ठेवतात. मी सौदे करत नाही, बघते. नोव्हेंबर-डिसेंबरात मात्र हलता येत नाही. वार्षिक करार डिसेंबरअखेरीस महिन्यांच्या आणि तिमाहींच्या तुकड्यांत फुटतात, हमींच्या मर्यादा संपतात, मोजणीचे बारा महिने जुळवावे लागतात. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं का? जमलं असतं, आई. पण मला हे काम आवडतं. एवढे परिच्छेद मी बहुधा तेवढंच सांगायला लिहिले.

घर ऊबदार आहे. हीटर खिडकीखाली, तुझी गोधडी पलंगावर. भात-आमटी रोज होते, कोकम आहेत, मेतकूट संपत आलंय पण पाठवायची घाई नको. पोफळीला लाइट गेले की बाबा कंदील लावून भिंतीवर हाताचा ससा करायचे, तो इथे मोबाइलच्या उजेडात करून पाहिला. कान जमत नाहीत.

आता ऐका. आई, ऑपरेशनआधी साखर तपासायची, रिपोर्टचा फोटो मला. नंतर दोन वेगळ्या थेंबांमध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्यायची, बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही, झोपताना शील्ड. डॉक्टर सांगेपर्यंत डोक्यावरून पाणी नाही, चुलीपुढे फुंकर नाही, खाली वाकून काही उचलायचं नाही. लाडवांचा घाट तर अजिबात नाही, चितळ्यांकडचे आणा. रागावू नकोस, पुढच्या वर्षी तुझ्याच हातचे खाईन.

बाबा, बीपीची गोळी सकाळचीच, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. इन्व्हर्टर २०२१ च्या पुरानंतर वरच्या खोलीत नेलाय तो तिथेच राहू द्या. त्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घाला, नळाचं नको, हे तुम्हाला मी सांगावं का! पण दादा म्हणाला, गेल्या खेपेला स्टुलावर चढून तुम्ही एकट्याने घातलंत. या वेळी तो आल्यावर. स्टूल मी वहिनीला लपवून ठेवायला सांगितलंय.

थेंबांच्या वेळांचा कागद सोबत आहे, मोठ्या अक्षरात लिहिलाय. फ्रिजवर लावा, आणि लावल्यावर फोटो पाठवा.

तुमची,
मनू