१२० ला गाडी किती ऍव्हरेज देते ते आम्हाला अधिकृतपणे सांगा : गडकरी साहेबांना खुलं पत्र

मा. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्री

साहेब, नमस्कार. गेल्या काही वर्षांत रस्ते किती सुधारले ते आम्ही रोज बघतोय, आणि समृद्धी महामार्ग तर राज्याने बांधलेला असला तरी त्याच्यावर कारला १२० ची लिमिट आहे आणि एवढी लिमिट ठेवता येते ती तुमच्याच खात्याच्या २०१८ च्या नियमामुळे, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितोय. मागणी एकच आहे, छोटी आहे. सरकारने ज्या स्पीडला परवानगी दिलीय त्या स्पीडला गाडी किती पेट्रोल पिते हे गाडी विकतानाच ग्राहकाला लेखी सांगायला लावा.

आत्ता काय होतं बघा. शोरूममध्ये सेल्समन सांगतो एआरएआय (गाड्या तपासणारी पुण्याची संस्था) सर्टिफाइड २० चं ऍव्हरेज, आपण खूश. पण ही टेस्ट रस्त्यावर होत नाही, लॅबमध्ये रोलरवर गाडी चढवून वीसेक मिनिटं ठरलेल्या पद्धतीने चालवतात, त्या सगळ्या वेळाची सरासरी धरली तर स्पीड साधारण ३२ येतो आणि सगळ्यात जास्त म्हणजे ९० पर्यंत जातो, तोही शेवटी थोडा वेळ. ९० च्या पुढे टेस्टच नाही. म्हणजे एकीकडे सरकार म्हणतं १२० ने जा, आणि दुसरीकडे त्याच सरकारने मान्य केलेला ऍव्हरेजचा आकडा ९० ला येऊन थांबतो, मधल्या ३० चा हिशोब कोणाकडेच नाही!

आणि खरी गंमत त्या ३० मध्येच आहे. शहरात पेट्रोल जातं ते ब्रेक, क्लच, सिग्नलला उभं राहणं याच्यात, हायवेला मात्र गाडी मुख्य भांडते ती हवेशी. हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ८० वरून १०० केला की दीडपटीच्या वर, १२० केला की सव्वादोन पट, आणि १४० ला तिपटीच्या वर. टायरचं घर्षण, इंजिनचं स्वतःचं घर्षण एवढं वाढत नाही म्हणून ऍव्हरेज काही निम्म्यावर येत नाही, पण पडतं ते भरपूर पडतं. अमेरिकेतल्या ओक रिज लॅबने २०१३ मध्ये सत्तरच्या वर गाड्या तपासल्या, त्यात ताशी ५० मैल म्हणजे आपले ८० किमी, तिथून ६० मैलांवर गेलं की सरासरी १२ टक्के ऍव्हरेज गेलं, ६० वरून ७० ला अजून १४ टक्के, ७० वरून ८० ला अजून १५. ७० मैल म्हणजे ११३ किमी, समृद्धीच्या लिमिटच्या आतच. म्हणजे ८० ला २० देणारी गाडी तिथे १५ वर आली. गाडीगणिक फरक पडणार, आणि आता निम्म्याच्या वर लोक उंच, चौकोनी एसयूव्ही घेतात, तिला हवा जास्त अडते, वर कॅरियर बसवला की अजून.

आता हेच २० आणि १५ धरून नागपूर ते मुंबई हिशोब करा. ७०१ किमीला २० ने ३५ लिटर, १५ ने ४७ लिटरच्या आसपास, फरक जवळजवळ १२ लिटर. पेट्रोल शंभरच्या वर आहे, म्हणजे एका बाजूला बाराशे रुपये. टोल वाढला की आपण सगळे ओरडतो आणि ओरडायलाच पाहिजे, पण हे बाराशे टोलच्या जवळपास जातात आणि त्याची पावती कोणी देत नाही. बदल्यात मिळतं काय, तर ८० ऐवजी ११३ ने गेलं तर सगळ्या रस्त्याला मिळून साधारण अडीच तास, तेही कुठेही न थांबता. ज्याला तो वेळ हवाय त्याने जरूर पैसे मोजावेत, पण मोजतोय हे त्याला माहीत तर असू दे.

इथे इथेनॉलचा विषय काढतो, राग मानू नका. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून लोक इतके चिडले, नीती आयोगाच्या २०२१ च्या रिपोर्टमध्येच जुन्या पद्धतीच्या चारचाकींना ६-७ टक्के घट होईल असं लिहिलंय, आणि ते बरोबरच आहे, कारण इथेनॉलमध्ये एनर्जी पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. पण नवा हायवे सुरू झाल्यावर ८० ची सवय सोडून ११० ने जायला लागलेला माणूस स्पीडची घट पण इथेनॉलच्याच नावावर टाकतो. दोन्ही आकडे वेगवेगळे समोर असते तर निम्मी भांडणं झालीच नसती आणि उरलेली निदान मुद्द्यावर झाली असती.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना हे सांगावं लागत नाही. १२० ला रेंज डोळ्यासमोर उतरते म्हणून ते आपोआप ८५-९० वर येतात. टूरिस्ट गाडीवाल्यांना सुद्धा माहितीय, त्यांच्या गाडीला ८० च्या वर जाऊ न देणारा स्पीड गव्हर्नर असतो आणि त्यावर कितीही कुरकुर केली तरी डिझेल वाचतं हे ते स्वतःच सांगतात. राहिलो आम्ही घरच्या गाडीवाले.

लिमिट कमी करा असं मी म्हणत नाहीये. अमेरिकेने १९७४ मध्ये तेलाच्या टंचाईत ५५ मैलांची लिमिट लावली, स्पेनने २०११ मध्ये तेल महागलं म्हणून बोर्डांवर स्टिकर चिकटवून १२० चे ११० केले आणि काही महिन्यांनी परत १२० केले, त्या त्या देशाची ती गरज होती. पण २०२१ मध्ये तुम्ही एक्सप्रेसवेवर १४० करावी असं जाहीरपणे म्हणाला होतात, ते मात्र कृपा करून सोडून द्या. आपण ८५ टक्क्यांच्या वर कच्चं तेल बाहेरून आणतो आणि तुम्ही स्वतः प्रत्येक भाषणात ते बिल कमी करायचं म्हणता, मग १४० त्याच्यात कुठे बसतं?

मला हवंय ते एवढंच. प्रत्येक नवीन गाडीच्या काचेवर ८०, १०० आणि १२० अशा तीन स्थिर स्पीडचं ऍव्हरेज छापा, टेस्ट एआरएआयनेच करावी, मशीन आहे, माणसं आहेत. आणि एक्सप्रेसवेच्या टोलनाक्यावर ‘सावकाश जा’ च्या शेजारी एक बोर्ड लावा, १०० ऐवजी १२० ने गेलात तर शंभर किमीमागे साधारण किती जास्त पेट्रोल लागेल, मराठीत, मोठ्या अक्षरात. गाड्यांच्या टेस्टचे नियम तुमच्याच खात्याकडे आहेत, सुरुवात पुढच्या नोटिफिकेशनपासून करता येईल.

आपला,
समृद्धीवरून नेहमी जाणारा एक गाडीवाला, छत्रपती संभाजीनगर