नानांचं बोट

ती. नानांना सादर नमस्कार,

तुम्ही फोनवर "आभार-बिभार राहू दे" म्हणून विषय तोडलात, म्हणून हे चारचौघांसमोर लिहिते आहे. मागच्या आठवड्यात मला क्लिअरन्स मिळाला.

हा काय प्रकार, ते तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं. अमेरिकेत संरक्षण खात्याच्या गोपनीय कामावर घेण्याआधी माणसाची कुंडली बघतात आणि तिच्यात कर्जाचं घर फार बारकाईने तपासतात. पैशाने अडलेला माणूस गुपितं विकेल ही धास्ती. सीआयएच्याच ऑल्ड्रिच एम्सने 1985 पासून पैशासाठी आपल्याच हेरांची नावं सोव्हिएत रशियाला विकली होती. त्यामुळे एसएफ-86 या अर्जात गेल्या 7 वर्षांतली थकबाकी विचारतात. स्वतःची, आणि जामीनदार राहिलात त्या कर्जाचीही.

आणि मी जामीनदार होतेच. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून दादाच्या ठिबकच्या कर्जाला 2015 च्या दिवाळीत सही करून आले होते. 2017 ला गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, हप्ते थकले. पुढे दादाने पै न पै फेडली, पण पारोळ्याच्या पतसंस्थेने बेबाकी दाखला काही दिला नाही. "साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या." असे किती उद्या गेले! शेवटी पतसंस्थाच बुडाली, ती गुंडाळायला अवसायक आला आणि दप्तर गाळ्यात कुलूपबंद.

इथल्या एका आपल्याच माणसाने सल्ला दिला, "लिहूच नको, पारोळ्याला कोण बघायला जातंय?" लपवलं असतं तर ते कर्जापेक्षा भारी पडलं असतं. मामेभाऊ म्हणाला, "डॉलरात कमावतेस, पुन्हा भरून टाक." फेडलेलं कर्ज पुन्हा फेडायचं! चेअरमनसाहेबांनी तर फोनच उचलला नाही. हेच साहेब ठेवी मागायला आले तेव्हा आमच्या ओट्यावर बसून दोनदा चहा प्यायले होते.

तुम्ही त्याच पतसंस्थेतले निवृत्त कारकून, तुमच्याही ठेवी तिथेच अडकलेल्या. मी फोनवर रडकुंडीला आले होते आणि तुम्ही मधेच म्हणालात, "पोरी, कर्ज शे, चोरी नही." महिनाभरात एवढं कुणी म्हटलं नव्हतं.

परवानगी, नकला, शिक्के हे सगळं कसं जमवलंत ते तुम्हालाच माहीत. माझ्या डोळ्यांपुढे आहेत ते व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो. मे महिना, पत्र्याचा गाळा, रोजकीर्दीची पिवळी पडलेली पानं. दादाचा हप्ता जमा झाला त्या प्रत्येक पानात जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी खोचलेली, आणि माझी ओळ चुकू नये म्हणून आकड्याखाली तुमचं बोट. 19 फोटो, 19 वेळा बोट. नखाच्या कडेला चुना. एक नोंद फक्त 350 रुपयांची. तिच्याखाली तुम्ही लिहिलं होतं, "भेंडी विकून थेट आला होता. रिकामी टोपली काउंटरपाशीच विसरला."

ती टोपली वाचून मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये बसून रडले.

इथला नियम कर्जाच्या आकड्यावर अडत नाही. ते का थकलं, आपल्या हातातलं होतं का, नंतर माणूस नेकीने फेडत राहिला का, हे बघतात. बोंडअळी मी कशीही सिद्ध केली असती. फेडत राहणं कुठून दाखवणार होते?

चौकाचौकात वाढदिवसाचे बॅनर लागतात त्यांच्यात तुमच्यासारख्याचा चेहरा कधी दिसत नाही, आणि अडीअडचणीला बॅनरवरचा एकही चेहरा दिसत नाही. असो, यावर बोलायला बसले तर पत्र लांबेल.

कागद लावताना वकीलबाईंनी विचारलं, "फोटोत हे बोट मधे येतंय, कापून टाकू?"

म्हटलं, राहू द्या.

तुमची,
दादाची जामीनदार