बेळगावच्या एफएमवर मराठी गाण्यांना ठरलेली वेळ हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी देशातील २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली आणि त्या शहरांच्या यादीत बेळगावचे नाव आहे. मातृभाषेतील स्थानिक कार्यक्रमांना चालना मिळावी, हे या निर्णयामागचे एक कारण म्हणून सरकारने स्वतःच सांगितले होते. बेळगावात मातृभाषा एक नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातील जवळजवळ पाचव्या हिश्श्याने आपली मातृभाषा मराठी नोंदवली आहे आणि शहर, खानापूर व निपाणीकडे हे प्रमाण त्याहून पुष्कळ जास्त आहे. हे परवाने १५ वर्षांचे असतात, म्हणजे सुरुवातीला जे वेळापत्रक रुळेल तेच एका पिढीच्या कानांवर पडत राहील. म्हणून वाहिनी येण्याआधीच तिच्या दिवसभराच्या कार्यक्रमांत मराठी गाण्यांसाठी ठरलेली वेळ राखली जावी, ही मागणी मी या पत्राद्वारे करीत आहे. तिला आधार आहे तो या भागातील रेडिओ ऐकण्याच्या इतिहासाचा, जो माझ्या डोळ्यांसमोर घडला.

माझ्या वडिलांचे शहापुरात रेडिओ दुरुस्तीचे छोटे दुकान होते. दुरुस्त झालेला रेडिओ परत देताना ते त्याच्या काचेवर कागदाची एक बारीक पट्टी चिकटवून देत आणि त्या पट्टीवर कोणते स्टेशन काट्याच्या कोणत्या जागी लागते याच्या खुणा करीत, कारण म्हाताऱ्या माणसांना आकडे वाचता येत नसत. गिऱ्हाईक कोणती स्टेशने मागतो हे ते एका लांबट वहीत लिहून ठेवीत. त्या वहीत १९६३ नंतरचे पानामागून पान पाहिले तरी धारवाड, सांगली आणि सिलोन (आजच्या श्रीलंकेतील रेडिओ सिलोन) हीच तीन नावे बहुतेक प्रत्येक गिऱ्हाइकापुढे दिसतात. धारवाड ७६५ किलोहर्ट्झवर, सांगली १२५१ वर आणि सिलोन शॉर्टवेव्हवर, ज्यासाठी छपरावर तारेची एरियल बांधावी लागे. गिऱ्हाईक कानडी असो की मराठी, पट्टीवरच्या खुणा साधारण त्याच असत.

या तिघांपैकी व्यापारी स्टेशन होते ते सिलोन. दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडने कोलंबोत जो शक्तिशाली ट्रान्समीटर उभारला होता, तो युद्धानंतर तिथल्या सरकारच्या हाती आला आणि जाहिरातींच्या पैशांवर चालणारी गाण्यांची सेवा त्यावरून भारतभर ऐकू येऊ लागली. त्याच सुमारास, १९५२ मध्ये, बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते स्वतः मराठी होते आणि शास्त्रीय संगीतावर त्यांचे मनापासून प्रेम होते, परंतु सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते या त्यांच्या ठाम मतामुळे आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचा वेळ आक्रसत गेला. श्रोत्यांनी रेडिओ बंद केले नाहीत, त्यांनी काटा फिरवला. १९५२ मध्येच सिलोनवर अमीन सयानी यांच्या आवाजात बिनाका गीतमाला सुरू झाली. तो कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन विमानाने कोलंबोला जात असे आणि तिथून प्रक्षेपित होऊन परत भारतात येत असे, हे वडिलांनी सांगितले तेव्हा मला खोटेच वाटले होते. बुधवारी रात्री आठ वाजता दुकानाची फळी अर्धी लावून झालेली असे, आत दुरुस्तीला आलेल्या रेडिओंपैकी जो सर्वांत खणखणीत असेल तो लावला जाई आणि बाहेर पायरीवर विणकर, हमाल, शाळकरी पोरे असा वीस-पंचवीस जणांचा घोळका उभा असे. आवाज मध्येच समुद्राच्या लाटेसारखा आत ओढला जाई आणि पुन्हा वर येई. कोणते गाणे लोकप्रियतेच्या क्रमवारीत किती पायऱ्या चढले यावर पैजा लागत.

आकाशवाणीने यातून धडा घेतला, पण सावकाश. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि त्यानंतर तब्बल दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६७ रोजी, मुंबई, पुणे व नागपूर येथे तिच्यावर प्रथम जाहिराती आल्या. सरकारी व्यापारी रेडिओचा आरंभ असा महाराष्ट्रातील तीन शहरांतून झाला. बेळगावचा मराठी माणूस तोपर्यंत म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) जाऊन अकरा वर्षे झाली होती, आणि पुण्याची व्यापारी वाहिनी दिवसा आमच्याकडे नीट लागत नसे. मराठी गाणे ऐकायचे तर सांगली, जे ६ ऑक्टोबर १९६३ पासून सुरू झाले होते. सकाळच्या भक्तिगीतांनी आमच्या गल्लीत अंगणात सडा पडत असे आणि दुपारच्या भावगीतांवर बायका धान्य निवडत. सांगलीच्या निवेदकांनी आपल्याला कधी पाहिले नसेल, पण आपल्या घरातील दिवसाचे प्रहर त्यांनी बांधून दिले होते, असे माझी आई म्हणत असे.

मध्यमलहरींचा एक गुण असा की त्या जमिनीला धरून दूरवर जातात आणि सूर्यास्तानंतर वरच्या हवेतील थरावरून परतून आणखी लांब पोहोचतात. त्यांना राज्याची हद्द कळत नाही. एफएमचे तसे नाही. त्याचा आवाज स्वच्छ असतो, परंतु त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की तुटतात. कोल्हापूरहून बेळगावला मोटारीने येताना हे कोणालाही अनुभवता येईल. कोगनोळीला महाराष्ट्राची हद्द संपते तरी कोल्हापूरचे स्टेशन चालूच असते, निपाणीतही ते चांगले ऐकू येते, आणि तवंदी घाट चढता-उतरताना गाण्याच्या ओळीत खरखर मिसळू लागते. पुढे संकेश्वरच्या बाजूला ते गाणे हाती लागत नाही. मी कित्येकदा घाटाच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन गाणे संपेपर्यंत थांबलो आहे.

खासगी एफएमचा देशातील प्रवास ३ जुलै २००१ रोजी बंगळूरात सुरू झाला. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा ९ फेब्रुवारी १९९५ चा निकाल त्याच्या मुळाशी होता, ज्या निकालात न्या. पी. बी. सावंत यांचा मोठा वाटा आहे. पहिल्या टप्प्यात सरकारने ठोक शुल्क लावले आणि ते दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत जाणार होते, त्यामुळे अनेकांनी परवाने परत केले. दुसऱ्या टप्प्यात उत्पन्नाच्या ४ टक्के असा हिस्सा ठरला, तेव्हा कुठे कोल्हापूर, सांगली, सोलापूर यांसारख्या शहरांना स्वतःची गाण्यांची स्टेशने मिळाली. या व्यवस्थेत परवाना शहरापुरता असतो, जाहिरातदार त्या शहराच्या श्रोत्यासाठी पैसे मोजतो आणि शहराबाहेरचा श्रोता फुकटचा पाहुणा ठरतो.

निपाणीला दिलेल्या माझ्या बहिणीला याचा अनुभव आला. एका खासगी स्टेशनच्या फोनवरील स्पर्धेत तिने जुन्या मराठी गाण्याचा गायक अचूक ओळखला, निवेदिकेने अभिनंदनही केले, आणि पत्ता सांगताच बक्षीस फक्त त्यांच्या शहरातील श्रोत्यांसाठी असल्याचे तिला सांगण्यात आले. बक्षीस एका साडीचे होते. साडीचे तिला काही वाटले नाही, पण "आपण ऐकतो ते त्यांच्या हिशोबातच नाही" हे तिचे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. जाहिरातीवर चालणाऱ्या रेडिओत जो मोजला जात नाही त्याच्या आवडीचे गाणेही वाजत नाही.

बेळगावची नवी वाहिनी ही उणीव भरून काढू शकते, कारण इथला मराठी श्रोता तिच्या परवान्याच्या हद्दीत असेल. मला भीती वाटते ती अशी की, दिवसभर हिंदी गाणी लावणे सर्वांत सोयीचे ठरेल, कर्नाटकातील शहर म्हणून कन्नड गाणी येतील, आणि ती यायलाच हवीत, पण मराठी मात्र गणपतीच्या दहा दिवसांपुरती उरेल. कन्नडचा एक मिनिटही कमी करावा असे मी म्हणत नाही. या मातीत ही दोन्ही गाणी एकत्रच वाढली आहेत. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. कुमार गंधर्वांचा जन्म सुळेभावीचा आणि घरची भाषा कानडी. पंडित भीमसेन जोशी ज्या गळ्याने तुकोबांचे अभंग गात त्याच गळ्याने पुरंदरदासांची पदे गात, आणि दोन्ही भाषांचे लोक दोन्ही ऐकायला बसत. अशा गायकांची गाणी पाठोपाठ लावणारे स्टेशन बेळगावात चालणार नाही असे कोणी म्हणत असेल, तर त्याने आमच्या बाजारपेठेत एक फेरी मारावी. इथला दुकानदार दोन्ही भाषांत भाव सांगतो आणि त्याच्या गिऱ्हाइकांत दोन्ही भाषांची माणसे असतात. जाहिरात देणारा तोच आहे.

माझी सूचना अशी की, बेळगावसाठी बोली लावणाऱ्यांनी सकाळी एक आणि सायंकाळी एक असे किमान दोन तास मराठी गाण्यांसाठी राखावेत, मराठी व कन्नड दोन्ही सहज बोलणारे इथलेच निवेदक नेमावेत आणि निपाणी, चिकोडी, खानापूरपर्यंतच्या श्रोत्यांची फर्माईश गावाच्या नावासह वाचावी. शहरातील वाचनालये, व्यापारी संघटना आणि लोकप्रतिनिधी यांनी ही मागणी लिलावाच्या वेळीच लेखी नोंदवावी, कारण वेळापत्रक एकदा ठरल्यावर ते बदलवून घेणे फार कठीण जाते.

वडिलांची वही अजून माझ्याकडे आहे. तिच्या पहिल्या पानावर १९५८ साल आहे आणि शेवटच्या पानापर्यंत गिऱ्हाइकांची मराठी, कानडी आणि उर्दू नावे एकाखाली एक आहेत, प्रत्येकापुढे त्याने मागितलेली स्टेशने लिहिलेली. बेळगावात नवे स्टेशन काढणाऱ्या कोणालाही ती पाहायची असेल, तर ती दाखवायला मी आनंदाने तयार आहे.

आपला,
एक वाचक
शहापूर, बेळगाव