पुनर्वसनाच्या कचेरीत विस्थापितांना नेमावे

महोदय,

जागतिक निर्वासित दिनाच्या सुमारास, म्हणजे २० जूनच्या आगेमागे, वृत्तपत्रांतून निर्वासितांविषयी जे लिहून येते त्यात छावण्या, काटेरी कुंपणे आणि मदतीच्या रांगा यांचेच वर्णन बहुधा असते. त्या रांगेतला माणूस पुढे काय करतो, हे क्वचितच वाचायला मिळते. म्हणून एस्किंडर नेगाश यांच्या कारकिर्दीकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

पूर्व आफ्रिकेतून निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेल्या नेगाश यांनी, नव्याने येणाऱ्या निर्वासितांना उभे राहण्यास मदत करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांत अनेक वर्षे काम केले. २००९ मध्ये ओबामा प्रशासनाने त्यांना निर्वासित पुनर्वसन कार्यालयाचे संचालक नेमले. १९८० च्या निर्वासित कायद्यातून उभ्या राहिलेल्या या सरकारी कार्यालयाकडे पुढे, आईवडिलांशिवाय सीमेवर सापडलेल्या मुलांची जबाबदारीही देण्यात आली होती आणि २०१४ या एका आर्थिक वर्षात प्रामुख्याने मध्य अमेरिकेतून आलेल्या अशा ५७ हजारांहून अधिक मुलांच्या निवाऱ्याचा भार त्याच्यावर पडला. हा भार वाहणाऱ्या कार्यालयाच्या प्रमुखपदी स्वतः एके काळचा निर्वासित होता, याचे मला फार मोल वाटते. सरकारी सेवेनंतर ते पुन्हा स्वयंसेवी क्षेत्रात परतले आणि निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका जुन्या संस्थेचे अध्यक्ष झाले.

हे उदाहरण सातासमुद्रापलीकडचे असले तरी असा अनुभव आपल्या परिसराला अपरिचित नाही. मिरजेहून कोल्हापूरला जाणारी गाडी ज्या वळिवडे स्थानकावरून जाते, तेथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सायबेरियातून सुटून इराणमार्गे आलेल्या त्या लोकांत स्त्रिया आणि मुलेच जास्त होती, आणि त्या मुलांच्या शाळा त्यांच्यातल्याच शिक्षकांनी चालवल्या. पोलिश लोक गेल्यावर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे तेथे वसली. आज लग्नसराईत आपण ज्या गांधीनगरला कापड घ्यायला जातो, ते त्यांनीच उभे केलेले आहे. फाळणीत गाह हे आपले गाव सोडून अमृतसरला आलेल्या कुटुंबातले मनमोहन सिंग पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, अर्थमंत्री आणि पंतप्रधान झाले, हे तर सर्वांना माहीत आहेच.

आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. माझे आईवडील कोयनेच्या खोऱ्यातले. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात त्यांचे गाव गेले आणि माझा जन्म पुनर्वसित गावठाणात झाला. कायद्याच्या भाषेत आम्ही निर्वासित नव्हे, प्रकल्पग्रस्त. देशाची सीमा ओलांडावी लागली नाही, हा फरक मी मानतो. परंतु वडिलांना मिळालेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्यांचे नाव चढायला जी वर्षे गेली, त्या वर्षांत ते कचेरीच्या पायऱ्या किती वेळा चढले याचा हिशेब आमच्या घरात कोणीही ठेवला नाही. दर खेपेला ते अर्ज देऊन येत आणि दर खेपेला त्यांना सांगण्यात येई की, आधीचा अर्ज सापडत नाही. त्यांनी एकदाही पोहोच मागितली नव्हती, कारण पोहोच मागायची असते हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.

प्रकल्पग्रस्तांसाठी असलेल्या समांतर आरक्षणातून, म्हणजे सर्व सामाजिक प्रवर्गांत आडवे लागू होणाऱ्या आरक्षणातून, प्रकल्पग्रस्त असल्याच्या दाखल्याच्या आधारे, १९८६ मध्ये मी सरकारी सेवेत लागलो. सेवेच्या पस्तीस वर्षांत माझी नेमणूक पुनर्वसनाच्या कामावर कधीही झाली नाही. अपवाद फक्त ऑगस्ट २०१९ च्या महापुराचा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा सर्वच विभागांतील कर्मचाऱ्यांना निवारा केंद्रांवर पाठवले होते, त्यांत मीही होतो. पाणी ओसरल्यावर पंचनामे आणि सानुग्रह अनुदानाचे अर्ज सुरू झाले. शिधापत्रिका भिजून तिचा लगदा झालेल्या बाया रांगेत उभ्या होत्या. मी प्रत्येक अर्जाची नोंद वहीत केली आणि प्रत्येकीच्या हातात तारीख व सही असलेली पोहोच दिली. कोणत्याही परिपत्रकात तसे सांगितलेले नव्हते; मला ते वडिलांमुळे सुचले. पुढे अनुदानाच्या यादीतून ज्यांची नावे गळली, त्यांपैकी अनेकजणी तीच चिठ्ठी घेऊन परत आल्या आणि त्यांचे काम झाले. असे सुचणे प्रशिक्षणाच्या दोन दिवसांत येत नाही, असे मला अनुभवाने वाटते.

महाराष्ट्रात गट क आणि गट ड च्या पदांत प्रकल्पग्रस्तांसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्यातून सेवेत आलेली माणसे कोणत्याही खात्यात विखुरली जातात, आणि ज्या कामाची त्यांना जन्मापासून ओळख आहे त्या कामापासून दूर राहतात. नोकरी म्हणजे गेलेल्या जमिनीची भरपाई, एवढाच त्यामागचा विचार आहे. त्या माणसाजवळचे ज्ञान कोणी विचारात घेत नाही.

यावर, विस्थापित माणूस आपल्याच लोकांना झुकते माप देईल, अशी शंका घेतली जाईल. ती अगदीच निराधार नाही. म्हणून त्याला स्वतःच्या प्रकल्पाच्या प्रकरणांवर नेमू नये. शिवाय केवळ विस्थापित असणे ही पात्रता पुरेशी नाही, कारण खुर्ची मिळाल्यावर रांग विसरणारी माणसे मी पाहिली आहेत. नेगाश यांच्याजवळही निर्वासितपणाइतकीच, त्यानंतरच्या दीर्घ कामाची शिदोरी होती. परक्या भूमीतून आलेल्यालाही सेवेची संधी देणे आपल्या व्यवस्थेला नवे नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नसली, तरी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस, आयएएस आणि आयपीएस यांसारख्या सेवा वगळता, १ जानेवारी १९६२ पूर्वी कायमच्या वास्तव्यासाठी आलेल्या तिबेटी निर्वासितांना पात्र मानण्यात आलेले आहे.

माझी शासनाला विनंती आहे की, सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतील पुनर्वसन व आपत्ती व्यवस्थापनाच्या पदांवर नेमणुका आणि बदल्या करताना, इच्छुक प्रकल्पग्रस्त कर्मचाऱ्यांना प्राधान्य द्यावे, आणि पुराच्या काळात निवारा केंद्रावर येणाऱ्या प्रत्येक अर्जाची पोहोच देणे लेखी आदेशाने बंधनकारक करावे. यांपैकी दुसऱ्या गोष्टीला नवी पदे लागत नाहीत की नवा निधी. तो आदेश येत्या पावसाळ्यापूर्वी निघू शकतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त महसूल कर्मचारी, सांगली