बोट विकायची की नाही, हे मला विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

ओपुआच्या धक्क्यावर आम्ही दोघं मराठीत भांडत होतो आणि मागून आवाज आला, "जरा हळू भांडा, मला सगळं समजतंय." न्यूझीलंडच्या त्या टोकाला रत्नागिरीचा निवृत्त चीफ इंजिनियर भेटेल असं कुणाला वाटलं असतं?

आमचा अवतार तुम्ही पाहिलात. शिडाच्या बोटीतून पॅसिफिक ओलांडताना गालापागोस बेटांहून मार्केसास बेटं, सुमारे 3000 नॉटिकल मैल, ते तसे सुखात गेले. मोडलो ते टोंगाहून इकडे येताना, शेवटच्या हजार मैलांत. चक्रीवादळांचा मोसम लागायच्या आत खाली दक्षिणेला यायचं म्हणून निघालो आणि चौथ्या दिवशी ऑटोपायलट बंद पडला. पुढे तीन-तीन तासांच्या पाळ्या, हातात सुकाणू, समोरून नैर्ऋत्येचा गार वारा. पोचल्यावर तपासणीवाल्यांनी मध नेला, मोडासाठी ठेवलेले मूगही नेले. मी मुगांसाठी रडले! त्याच संध्याकाळी ह्यांनी बोट विकायचं जाहीर केलं.

तुम्ही सल्ला दिला नाहीत. डोलकाठीच्या तारांवरून जुनं फडकं फिरवलंत. जिथे धागा अडकला तिथे तारेची काडी तुटलेली. अशा तीन जागा निघाल्या. मग आम्हाला दोन याद्या करायला लावल्यात: विकायची तर काय दुरुस्त करायचं आणि ठेवायची तर काय. तारा, ऑटोपायलट, बुडाचा रंग, गळकी खिडकी. याद्या जवळजवळ सारख्याच निघाल्या. इथे विकायची तर वर 15 टक्के जीएसटीचा हिशेब आलाच. आणि परदेशी बोटीला इथे तात्पुरती 24 महिने राहता येतं, तेव्हा घाई कसली, हेही तुम्हीच दाखवून दिलंत.

पण आभार त्याचे नाहीत. ब्रोकर, शेजारचे बोटवाले, पुण्याहून फोन करणारे, सगळे ह्यांनाच विचारत होते. बायको थकली असणार, म्हणून विकताहेत, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. खरं सांगायचं तर मीही. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "तुला काय हवंय गं?" माझ्या तोंडून "ठेवायची" निघालं, तेव्हा दचकले ती मीच. पहाटे दोन ते पाचची पाळी मला आवडायला लागली होती, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. ह्यांनी मग बऱ्याच वेळाने कबूल केलं की त्या शेवटच्या हजार मैलांत ते घाबरले होते. बोटीला कंटाळले नव्हते.

तर सध्या बोट यार्डात टेकूंवर उभी आहे. मे महिन्यात फिजी. तिथवर जाऊन ह्यांना पुन्हा विचारायचं ठरलंय, आणि ह्या वेळी त्यांचं उत्तर "विकू" आलं तर मी भांडणार नाही. बहुतेक.

नव्या तारा शनिवारी येताहेत. फडकं घेऊन या. मूग इथल्याच दुकानातून आणलेत, उसळ करते.

तुमची,
धक्क्यावर भांडणारी